लकव्यानंतर आधी उठणे, मग चालणे

संपादक महोदय,

दरवर्षी २९ ऑक्टोबरच्या जागतिक पक्षाघात दिनाच्या सुमारास वर्तमानपत्रांतून लेख येतात. तोंड वाकडे झाले, हात उचलेना, बोलणे अडखळले तर क्षणही न दवडता रुग्णालय गाठा. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन सहसा साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. हे आता पुष्कळ वाचकांना पाठ झाले आहे, आणि त्याने जीव वाचतात. पण वाचलेला रुग्ण घरी येतो तेव्हा घरच्यांच्या मनात एकच प्रश्न असतो : चालायला कधी लागतील? त्याबद्दल फारच कमी छापून येते. म्हणून हे पत्र.

घरोघरी काय होते ते आधी सांगतो. दोन माणसे दोन्ही बाजूंनी काखेत हात घालून रुग्णाला उभे करतात आणि खोलीभर फिरवून आणतात. अधू पाय मागून फरफटत येतो. सगळ्यांना वाटते, आज चार पावले चालले. प्रत्यक्षात त्या चार पावलांत अधू पायावर वजन पडलेलेच नसते. ते दोन माणसांच्या खांद्यांनी आणि चांगल्या पायाने वाहिलेले असते. असे रोज झाले की मेंदू एका पायाने निभावून न्यायला शिकतो, आणि ती सवय पुढे मोडता मोडत नाही. शिवाय काखेतून उचलल्याने खांदा जातो. लकव्यात खांद्याभोवतीचे स्नायू सैल पडलेले असतात, हाताच्या वजनानेच दंडाचे हाड खोबणीतून खाली उतरू लागते. त्यात वरून ओढ बसली की दुखणे सुरू होते. खांदा दुखणारा माणूस रात्री झोपत नाही आणि सकाळी व्यायामाला तयार होत नाही. अधू हात धरून रुग्णाला कधीही ओढू नये, उठवताना नाही आणि कूस बदलतानाही नाही.

चालण्याची खरी सुरुवात खुर्चीवरून होते. बसल्याचे उठणे आणि उठल्याचे बसणे, हा व्यायाम इतका साधा दिसतो की कुणी तो मोजतही नाही. आमच्या मते घरी करायचा एकच व्यायाम निवडायचा झाला तर हाच निवडावा.

खुर्ची भक्कम हवी, चाके नसलेली, पाठ भिंतीला टेकवलेली. बैठक जमिनीपासून ४५ ते ५० सेंटिमीटर, म्हणजे बसल्यावर खुबे गुडघ्यांपेक्षा किंचित वर राहतील अशी. जमत नसेल तर कडक उशी किंवा घट्ट घडी घातलेले ब्लँकेट ठेवून बैठक आणखी उंच करावी. मऊ सोफा नको. त्यात माणूस रुततो. बूड खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागात आणावे. दोन्ही पावले खुब्यांइतक्या अंतरावर ठेवून इतकी मागे घ्यावीत की टाचा गुडघ्यांच्या थोड्या मागे येतील. दोन्ही टाचा जमिनीला टेकलेल्या हव्यात. मग छाती पुढे झुकवत खांदे गुडघ्यांच्या पुढे न्यायचे, बूड आपोआप हलके होते, आणि त्याच क्षणी पायांनी जमीन दाबून उठायचे.

उठता न येण्याचे कारण दर वेळी ताकदीचा अभावच नसतो. अनेकदा पावले पुढे पसरलेली असतात आणि माणूस घाबरून पाठ ताठ ठेवतो, त्यामुळे वजन पावलांवर येतच नाही आणि तो परत मागे बसतो. मग घरचे समोरून हात ओढतात. त्याऐवजी अधू बाजूला बसून एक हात पाठीवर ठेवून पुढे झुकायला मदत करावी आणि दुसऱ्या हाताने अधू गुडघा पुढून अलगद सांभाळावा. बसताना धपकन न बसता तीन-चार सेकंद घेत खाली यावे. मांडीच्या स्नायूला या सावकाश बसण्याने फार काम मिळते.

एका वेळी ८ ते १० वेळा, दिवसातून चार-पाच खेपा, असे केले तर दिवसाला चाळीस-पन्नास उठाबशा सहज होतात. सोपे वाटू लागले की उशी काढून बैठक दोन-तीन सेंटिमीटरने खाली आणावी. त्यानंतर चांगला पाय अर्धे पाऊल पुढे ठेवावा. मागे राहिलेल्या अधू पायाला मग जास्त वजन घ्यावेच लागते. वजन खरोखर किती पडते हे पाहायचे असेल तर एकाच उंचीचे दोन वजनकाटे घेऊन प्रत्येक पावलाखाली एक ठेवून टेबलाजवळ उभे राहावे. एका काट्यावर ५० किलो आणि दुसऱ्यावर १५ असे आकडे दिसले की समजावून सांगायची गरज उरत नाही.

पुढची पायरी उभ्याची. कमरेइतक्या उंच, न हलणाऱ्या टेबलाजवळ उभे राहून चांगला पाय समोरच्या दहा सेंटिमीटर उंच पाटावर ठेवायचा आणि खाली आणायचा. पाहणाऱ्याला चांगल्या पायाचा व्यायाम वाटतो, पण तेवढा वेळ सगळे शरीर अधू पाय पेलत असतो, आणि चालताना नेमके हेच लागते. इथे गुडघ्याकडे लक्ष हवे. तो एक तर अचानक दुमडतो, नाही तर खटकन मागे जाऊन कुलूप लागल्यासारखा अडकतो. मागे अडकलेला गुडघा सुरक्षित वाटतो, म्हणून रुग्णाला तो आवडतो. पण महिनोन्‌महिने तसेच चालल्यास गुडघ्यामागचे बंध सैल होतात आणि दुखू लागतात. मांडी दुबळी असणे किंवा पोटरी आखडलेली असणे, यांपैकी कारण कोणते ते तपासून घ्यावे, कारण दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

काही रुग्ण मात्र या सगळ्याच्या उलट वागतात. चांगल्या हाताने आणि पायाने स्वतःला अधू बाजूकडे ढकलत राहतात, आणि कुणी सरळ करू गेले तर आणखी जोर लावतात. हा हट्ट नव्हे. आपण सरळ आहोत की तिरके, हे सांगणारी मेंदूतली जाणीवच बिघडलेली असते. त्यांना ढकलून सरळ करू नये. चांगल्या बाजूला भिंत येईल असे उभे करून ‘खांदा भिंतीला लावा’ असे सांगावे, समोर दाराची उभी चौकट दाखवावी. डाव्या बाजूकडे लक्षच न जाणाऱ्या रुग्णांनाही वेळ जास्त लागतो. ते दाराला धडकतात, डावा पाय कुठे पडला हे त्यांना कळत नाही. त्यांच्याशी डावीकडून बोलावे.

पावले टाकायला सुरुवात झाली की मदतनीस अधू बाजूला, अर्धे पाऊल मागे असावा आणि त्याने कमरेला बांधलेला रुंद पट्टा धरावा. काठी चांगल्या हातात. ताठ उभे राहून हात सोडल्यावर काठीची मूठ मनगटाच्या घडीपर्यंत यावी. त्याहून उंच काठीने खांदा वर चढतो आणि शरीर कलते. क्रम असा : काठी, अधू पाय, चांगला पाय. जिन्यावर चढताना चांगला पाय आधी, उतरताना अधू पाय आधी. दोन्ही हातांनी उचलायचा वॉकर, एक हात चालत नसताना, तिरका ओढला जातो आणि पाडतो.

पाऊल लोंबत असेल तर चवडा जमिनीला अडकतो. ते टाळायला माणूस खुबा वर उचलतो किंवा पाय अर्धवर्तुळात बाहेरून फिरवून आणतो. घोट्याला काटकोनात धरणारा स्प्लिंट इथे खूप उपयोगी पडतो, आणि तो लावला म्हणजे हार मानली असे मुळीच नाही. मात्र तो नाडीच्या, मागून बंद बुटातच घालावा. नुसत्या प्लॅस्टिकवर पाय घसरतो आणि चप्पल निसटते. पहिल्या दिवशी अर्धा तास घालून काढावा व कातडी पाहावी. लालसर खूण अर्ध्या तासात गेली नाही तर तो परत घासून, गरम करून नीट बसवून घ्यावा. पायाला बधिरता असेल तर जखम होऊनही कळत नाही. घोटा ताठ होऊन आत वळत असेल तर ताठ स्नायू तात्पुरता सैल करणाऱ्या बोट्युलिनम इंजेक्शनचा विचार होतो. त्याचा परिणाम साधारण तीन महिने टिकतो आणि तेवढ्या काळात व्यायाम व स्प्लिंट यांची जोड दिली तरच त्याचा फायदा हाती लागतो.

किती सराव पुरे? उत्तर अमेरिकेतील पुनर्वसन केंद्रांच्या २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत चालण्याचा सराव करून घेतलेल्या सत्रांत सरासरी जेमतेम ३५७ पावले पडत होती. हे फारच थोडे आहे. ताकद, रक्तदाब आणि दम यांचा अंदाज घेत आकडा वाढवत न्यावा. पण पहिल्याच दिवशी नाही. २०१५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या, दोन हजारांहून अधिक रुग्णांच्या अ‍ॅव्हर्ट चाचणीत पहिल्या २४ तासांत सुरू केलेल्या जोरदार उठवा-चालवीने तीन महिन्यांनंतरचा निकाल थोडा वाईटच आला. तुलनेच्या गटातले रुग्णही पडून नव्हते, हे लक्षात घ्यावे. सुरुवातीला थोडा वेळ, पण अनेकदा, हे सूत्र त्यातून मिळाले.

यंत्रांबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. २०११ सालच्या लीप्स चाचणीत ४०८ रुग्णांपैकी काहींना पट्ट्याने वजन तोलून ट्रेडमिलवर चालवले, काहींना फिजिओथेरपिस्टने घरी जाऊन ताकदीचे व तोलाचे व्यायाम दिले. वर्षअखेरीस दोन्हींत फरक नव्हता. आणि ज्यांनी ट्रेडमिलचा सराव लकव्यानंतर दोन महिन्यांऐवजी सहा महिन्यांनी सुरू केला, तेही सुधारले. सर्वांत वेगवान सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत होते हे खरे, पण ‘सहा महिने झाले, आता काही होणार नाही’ हे वाक्य रुग्णाच्या तोंडावर फेकणे थांबले पाहिजे. मालिशने बरे वाटते, पण त्याने पाऊल पडत नाही. नैराश्यावरील फ्लुओक्सेटीन या औषधाकडूनही मोठ्या आशा होत्या. पुढच्या मोठ्या चाचण्यांत हालचाल सुधारली नाही, उलट हाडे मोडण्याचे प्रमाण वाढले.

प्रगती डोळ्यांनी नव्हे, घड्याळाने मोजावी. दहा मीटरच्या दोन खुणा कराव्यात, आधी आणि नंतर दोन-दोन मीटर मोकळे सोडावेत, आणि फक्त मधल्या दहा मीटरची वेळ घ्यावी. २५ सेकंदांहून जास्त लागत असतील तर चालणे घरापुरतेच राहते. साडेबारा सेकंदांच्या आत आले की बाहेर स्वतंत्रपणे वावरण्याची शक्यता बरीच वाढते. महिन्यातून दोनदा तारखेसह वहीत लिहावे.

काही खुणा दिसल्या तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना गाठावे : एकाच पायाची पोटरी सुजणे-दुखणे, अचानक धाप लागणे, छातीत दुखणे, नव्याने आलेला दुबळेपणा. उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर पलंगाच्या कडेला दोन मिनिटे बसूनच उभे राहावे, आणि उभे असतानाचा रक्तदाबही मोजावा. नुसता बसलेला नव्हे.

रुग्णालयांना आमची विनंती आहे. घरी पाठवताना डिस्चार्ज कार्डावर औषधांच्या यादीखाली एवढे लिहावे : खुर्चीची उंची किती, दिवसाला किती वेळा उठायचे, मदतनिसाने कुठल्या बाजूला उभे राहायचे, स्प्लिंट हवा की नको, आणि दहा मीटरला आज किती सेकंद लागले. आणि रुग्णालयातून निघण्याआधी घरच्या एका माणसाने हे सगळे रुग्णासोबत एकदा स्वतः करून दाखवावे.

आपले,
लकव्याच्या रुग्णांसोबत काम करणारे फिजिओथेरपिस्ट