तुझ्या धुळ्याच्या खासदाराबद्दल

नाशिक, 12 जून 2024

प्रिय धुळेकर,

लोकसभेच्या निकालाच्या रात्री तू फोनवर इतका तापला होतास की मी नुसतं हं हं करत राहिलो. ‘तुमच्या नाशिकची माजी महापौर आमच्या माथी मारलीत, आता तुम्हीच सांभाळा’ हे तुझं वाक्य मात्र आठवडाभर कानात आहे. फोनवर भांडण्यात मला तुझ्याशी कधी जिंकता आलेलं नाही, म्हणून हे पत्र.

पुण्यात बसून तू एक विसरलास. तुझ्या धुळे मतदारसंघातले सहापैकी तीन विधानसभा मतदारसंघ नाशिक जिल्ह्यात आहेत. मालेगाव मध्य, मालेगाव बाह्य आणि बागलाण. माझी सासुरवाडी बागलाणातल्या सटाण्याची, तिथली माणसं वर्षानुवर्षं ‘धुळ्याचा’ खासदार निवडून देतात आणि कामं मात्र नाशिकच्या कलेक्टर कचेरीत घेऊन येतात. तिकडे काँग्रेसच्या उमेदवार म्हणून डॉ. शोभा बच्छाव हे नाव जाहीर झालं तेव्हा सासऱ्यांना पहिल्यांदा काय दिसलं असेल? आडनाव. कसमादेत, म्हणजे कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या पट्ट्यात, हे आडनाव गावोगाव सापडतं. ‘ही परकी कशी काय?’ म्हणाले, आणि वर्तमानपत्र उलटून कांद्याच्या भावाच्या पानावर गेले. उपरा उमेदवार ही ओरड धुळ्यात आणि बच्छावांच्याच पक्षात जास्त झाली. राजीनामेही निघाले. पण बांधावरच्या माणसाला त्याचं सोयरसुतक फार दिसलं नाही.

आता बच्छावांच्या मागच्या कारकिर्दीबद्दल. नाशिकच्या महापौर, मग 2004 ला इथूनच आमदार, पुढे राज्यमंत्री. ‘महापौर होत्या तर नाशिकचं काय सोनं केलं?’ असं तू विचारलंस. अरे, महापौराच्या हातात असतं काय ते तरी बघ. महासभेचं अध्यक्षपद, समसमान मतं पडली तर निर्णायक मत, आणि नारळ फोडायला पहिला मान. अंमलबजावणी आयुक्तांची, पैशांच्या मंजुऱ्या स्थायी समितीच्या. मी राजीव गांधी भवनात नळजोडणीच्या कागदासाठी चार महिने हेलपाटे घातले, तेव्हा मला एका नगरसेवकानेच सांगितलं होतं की महापौरांना भेटून उपयोग नाही, खालच्या मजल्यावरच्या टेबलाला भेटा. (कागद शेवटी त्या टेबलाच्या ड्रॉवरमध्येच निघाला.) तेव्हा कोणत्याही माजी महापौराच्या पदरात शहराच्या भल्याबुऱ्याचं सगळं माप घालू नये, आणि ‘अनुभवी’ म्हणून डोक्यावरही घेऊ नये. आणि सध्या तर गंमतच आहे, मार्च 2022 पासून नाशिकला महापौरच नाही, प्रशासक आहे. तरी नळाला पाणी येतंच की!

महापौरपदातून एक गोष्ट मात्र अंगात मुरत असावी असं मला वाटतं. महासभेत शंभर नगरसेवक एका वेळी ओरडत असताना खुर्चीत बसून राहायचं. दिल्लीत विरोधी बाकावर ती सवय कामाला येईल.

आता भूमिकांकडे ये. इथे मी तुझ्या बाजूचा आहे थोडासा. प्रचारात जे मांडलं गेलं ते बहुतेक पक्षाच्या जाहीरनाम्यातलं होतं. आठव, 13 मार्चला राहुल गांधींची यात्रा धुळ्यात होती, महिला न्यायाच्या हमींची घोषणा तुझ्याच गावात झाली. गरीब कुटुंबातल्या बाईच्या खात्यात वर्षाला 1 लाख, केंद्राच्या नव्या भरतीत निम्म्या जागा, आशा आणि अंगणवाडी ताईंच्या मानधनातला केंद्राचा वाटा दुप्पट. दुसऱ्या दिवशी चांदवडला शेतकऱ्यांचा मेळावा. सासूबाईंना लाखाचं सांगितलं तर म्हणाल्या, ‘फुकट कोण देतं रे? आधी कांदाले भाव द्या म्हणावं.’

आणि खरी मेख तिथेच आहे. हमीभावाला कायद्याचं बळ देऊ, हे पक्षाचं मोठं आश्वासन. पण कांदा हमीभावाच्या यादीत आहेच कुठे? कायदा उद्या झाला तरी सटाण्याच्या कांदाचाळीतल्या उन्हाळ कांद्याला त्याचा काडीचा उपयोग नाही. उपयोगाचं होतं ते दुसरं, कमी गाजलेलं कलम: आयात-निर्यातीचं धोरण शेतकऱ्याच्या हिताचं आणि स्थिर ठेवू. गेल्या 8 डिसेंबरला केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली, मार्चमध्ये बंदी आणखी लांबवली, आणि मतदान तोंडावर आल्यावर 4 मेला उठवली. तीही टनाला 550 डॉलरचं किमान निर्यात मूल्य आणि वर 40 टक्के शुल्क लावून. म्हणजे दार उघडलं आणि उंबऱ्यावर भिंत बांधली. 15 मेला पिंपळगाव बसवंतला पंतप्रधानांच्या सभेत एकाने मध्येच ‘कांद्यावर बोला’ असं ओरडून सांगितलं, ते तू पाहिलं असशीलच. सत्ताधाऱ्यांच्या हातून दिंडोरी गेली, नाशिक गेलं. धुळं वाचेल असं तुला वाटलं, कारण 2019 ला भाजपचे डॉ. सुभाष भामरे सव्वादोन लाखांहून जास्त मतांनी आले होते.

या वेळी 3,831 मतांनी पडले. कॅन्सर सर्जन, संरक्षण राज्यमंत्री राहिलेला माणूस. मला वाईट वाटलं, खोटं नाही सांगत. सहापैकी पाच ठिकाणी तेच पुढे होते, एकट्या मालेगाव मध्यने सगळी आघाडी गिळली. तू त्या मतदारांना जे म्हणालास ते मला आवडलं नाही, हेही इथेच लिहून टाकतो. यंत्रमागावर बारा तास उभा राहणाऱ्याने कोणाला मत द्यायचं ते आपण ठरवणारे कोण? आणि बागलाणात भामरेंची आघाडी कांद्याने किती खाल्ली, तेही मोज की. मोजणी करायची तर सहाही पेट्यांची कर.

म्हणून माझं एवढंच म्हणणं आहे: ‘नाशिकची’ म्हणून बच्छावांना नाकारू नकोस आणि ‘महापौर’ म्हणून मी त्यांना मिरवणार नाही. मी वाट बघतोय ती लोकसभेतल्या पहिल्या प्रश्नाची. तो कांद्याच्या निर्यातशुल्कावर असेल का? मालेगाव-धुळ्याहून जाणाऱ्या मनमाड-इंदूर रेल्वेवर असेल? ती रेल्वे तर आपण हाफपँटमध्ये होतो तेव्हापासून येतेच आहे.

जुलैत येशील तेव्हा सटाण्याला जाऊ. सासऱ्यांनी चाळीत तुझ्यासाठी एक गोणी बाजूला काढली आहे, पण भाव चढला तर ती तुला मिळणार नाही असा निरोपही दिला आहे. आणि तू हरलेल्या पैजेची मिसळ बाकी आहे.

तुझा,
नाशिककर