गार पडलेल्या पेल्याबद्दल आभार

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

काल संध्याकाळी गच्चीवरच्या कुंडीतून सांबाराची (नागपूरबाहेरच्यांसाठी: कोथिंबिरीची) पहिली जुडी खुडली आणि वरणावर पेरताना तुमची इतकी आठवण झाली की हे पत्र लिहिल्यावाचून राहवले नाही. तोंडी आभार मानायला आले असते, तर तुम्ही नेहमीप्रमाणे हात हलवून विषय बदलला असता.

ऑक्टोबरातल्या त्या सकाळी मी वाळलेल्या वांग्यांच्या चार कुंड्या कचरागाडीत रित्या करायला निघाले होते. घरच्या घरी सेंद्रिय भाजी पिकवण्याची माझी हौस तिथेच संपली होती. ज्या दुकानातून रोपे, माती आणि 'शंभर टक्के सेंद्रिय' म्हणून सुट्या पिशवीतले पांढरे दाणे विकत घेतले, त्या दुकानदाराकडे मी दोनदा तक्रार घेऊन गेले होते. पहिल्यांदा त्याने तेच दाणे आणखी घालायला सांगितले. दुसऱ्यांदा गिऱ्हाइकांसमोर हसून म्हणाला, "ताई, काही जणांच्या हाताला गुणच नसतो." पैसे भरून ज्या एक दिवसाच्या प्रशिक्षणाला बसले होते, तिथल्या मार्गदर्शकांनी तर त्यानंतर फोनच उचलला नाही. आपल्यालाच जमत नाही, हे मी तोवर मान्य करून टाकले होते.

तुम्ही फाटकाशी थांबवलेत, कुंडीतली माती मुठीत दाबून पाहिलीत आणि ती पिशवी मागितलीत. मग आमच्याच पायरीवर बसून स्टीलच्या पेल्यात थोडे पाणी घेतलेत, त्यात मूठभर दाणे टाकून ढवळलेत आणि एक शब्दही न बोलता पेला माझ्या हातात दिलात. पेला माठातल्या पाण्यासारखा गार पडला होता. दाणे पुरते विरघळले होते, तळाशी काहीच उरले नव्हते. "सेंद्रिय खताने पाणी असं गार होत नाही. हा युरिया आहे," इतकेच तुम्ही म्हणालात.

युरियात ४६ टक्के नत्र असते आणि त्यामुळेच माझी वांगी आधी गर्द हिरवी माजली, एकही फूल धरले नाही आणि शेवटी पानांच्या कडा करपल्या, हे तुम्ही नंतर समजावलेत. आपली काळी माती शेतात ओल धरून कापूस तगवते, पण तीच नुसती कुंडीत भरली की पाणी तुंबते आणि मुळे कुजतात, हेही त्याच ओघात कळले. तुम्ही हे नुसते सांगूनही भागले असते. पण सांगितलेल्या गोष्टी मी तोवर पुष्कळ ऐकल्या होत्या, आणि त्या गार पेल्याने माझ्या हाताचा दोष माझ्याच हातात काढून टाकला. तुमच्या चेहऱ्यावर तेव्हा दुकानदाराला पकडल्याचा आनंदही नव्हता, उलट माझ्याऐवजी तुम्हीच थोडे ओशाळल्यासारखे दिसत होतात. ते मी विसरणार नाही.

पुढचे तपशील तुम्हाला ठाऊकच आहेत: मुरलेले शेणखत, मूठभर निंबोळी पेंड, आणि धने पेरण्यापूर्वी रगडून दोन फाका करण्याची तुमची सक्त ताकीद, जी मी एका कुंडीत मुद्दाम पाळली नाही आणि तिथले सांबार अजून विरळच आहे. ज्ञान असलेली माणसे आपल्या शहरात कमी नाहीत. समोरच्याला लहान न करता ते देणारी मात्र मोजकीच, आणि असा माणूस चार घरांवर राहतो हे कळायला मला चार कुंड्या वाळवाव्या लागल्या.

नवतप्यात (मेअखेरच्या त्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) गच्चीवर काय टिकेल, याची धास्ती आत्तापासूनच आहे. हिरवी जाळी कधी बांधायची ते मार्चमध्ये विचारायला येईन, तेव्हा हात हलवून वाटेला लावू नका.

सांबाराची दुसरी जुडी तुमच्या फाटकाला पिशवीत अडकवली आहे. नव्याने लावलेल्या वांग्यांना आणखी चार दिवस लागतील. भरताजोगी झाली की पहिली दोन तुमचीच.

तुमची,
चार घरांपलीकडची शेजारीण