भिंतीवरच्या मजकुराविषयी

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

दोन वर्षांत तुला एक ओळही लिहिली नाही आणि आज लिहितो आहे तेही कामासाठी, याची मला मनापासून लाज वाटते. पण हे काम तुझ्याशिवाय कोणाला सांगता येणार नाही. माझी साखर आटोक्यात आहे, बाकी ठीक.

आपल्या मिलच्या साचाखात्याची, म्हणजे मागांच्या विभागाची, शेड आणि धुराडे राखून तिथे कचेऱ्या आणि उपाहारगृहे होत आहेत, आणि प्रवेशद्वाराजवळच्या भिंतीवर मिलचा इतिहास लिहून देण्याचे काम माझ्याकडे आले आहे. परवा आत जाऊन आलो. करवतीच्या दात्यांसारखे छप्पर तसेच आहे. त्याच्या काचा उत्तरेकडेच का, हे बाबांनी आपल्या दोघांना दाराशी उभे करून सांगितले होते: थेट ऊन आले की खाते तापते, हवा कोरडी पडून सूत तुटते; उत्तरेचा उजेड मात्र दिवसभर सारखा राहतो. नव्या काचा बसवताना त्या लोकांनी हे सारे जाणून घेतले आहे, याचा मला फार आनंद झाला. ओस पडून कोसळण्यापेक्षा त्या छपराखाली पुन्हा माणसे कामाला बसतील, हे मला मान्य आहे.

१८५६ साली ताडदेवला मुंबईची पहिली कापड गिरणी सुरू झाली, तिथपासूनचा मजकूर मी एका बैठकीत लिहिला. भोंगा, तिन्ही पाळ्या, फाटकाशी ताटकळणारे बदली कामगार, खाणावळी, सगळे आले. मग १८ जानेवारी १९८२ ही संप सुरू झाल्याची तारीख आली आणि मी थांबलो.

‘संपामुळे गिरण्या बंद पडल्या’ एवढे एकच वाक्य काम देणाऱ्यांना हवे आहे. ते मी लिहिणार नाही, असे स्पष्ट सांगितले आहे. सुमारे अडीच लाख माणसे बाहेर पडली हे खरे, पण यंत्रे कित्येक वर्षे बदलली नव्हती, यंत्रमागांचे स्वस्त कापड बाजारात आले होते, आणि पुढे जमिनीलाच कापडापेक्षा जास्त भाव आला. १९९१ च्या नियमाप्रमाणे विकसित होणाऱ्या गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे व्हायचे: एक मोकळ्या जागांसाठी, एक घरांसाठी, एक मालकाला. २००१ साली ही वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही तेच ग्राह्य धरले. शेडखालची जमीन वाटणीतून सुटली ती अशी. एवढे तरी त्या भिंतीवर यायलाच हवे, आणि त्यासाठी मी भांडेन.

खरी अडचण पुढेच आहे. संपाच्या आठव्या महिन्यात तुझे आबा संप सोडून मिलच्या आत कामाला गेले. जिन्यावर मी तुला जे म्हणालो ते तू विसरला नसशील, मीही विसरलो नाही. तू माझी बॅट गटारात टाकलीस आणि ती भरून द्यायची अजून बाकी आहे. काकूंच्या इस्पितळाचे आम्हाला फार उशिरा कळले. माझे बाबा बाहेर राहिले आणि त्यांना पुन्हा कामावर घेतले नाही. आबा आत गेले, तरी मिल बंद झाली तेव्हा त्यांच्याही हाती काही लागले नाही. वीस वर्षे दोघे एकमेकांशी बोलले नाहीत, आणि बाबा गेले तेव्हा पहिला खांदा द्यायला आबाच उभे होते.

सगळे कामगार शेवटपर्यंत एकजुटीने उभे राहिले असे लिहिले, तर आबा त्या खात्यात कधी नव्हतेच असे होईल. काही जण परत गेले असे लिहिले, तर वाचणारा कारण विचारणार नाही, थेट निवाडा करील. मी दोन वाक्ये लिहिली आहेत, नाव न घेता: कोणी घरातल्या दुखण्यापायी परत गेले, कोणी गेले नाहीत, आणि शेवटी काम दोघांचेही गेले. आबांचा पितळी तिकीट बिल्ला तुझ्याकडे असेल, तर तो तिथल्या काचेच्या कपाटात बाबांच्या बिल्ल्याशेजारी ठेवावा अशी माझी इच्छा आहे. तू नको म्हणालास तर बिल्लाही नको आणि ती वाक्येही नकोत.

मुलीचे लग्न ठरल्याचे ताईकडून कळले, फार आनंद झाला; तारीख कळव. नव्या घराचा पत्ताही नीट लिहून पाठव.

मजकूर महिनाअखेरीस द्यायचा आहे. फोन करू नकोस, फोनवर आपण भांडतो. पत्रच लिही, आणि आधी आबांना वाचून दाखव.

तुझा,
खालच्या मजल्यावरचा