उलट जोडलेली वायर आणि शाळेतला रोबो

महोदय,

ठाणे-नवी मुंबईतल्या शाळांच्या रोबोटिक्स शिक्षकांना कळकळीची विनंती. बॅटरीच्या वायरी उलट लागल्या की कंट्रोलर, म्हणजे रोबो चालवणारा सर्किट बोर्ड, क्षणात जातो. नुसता फ्यूज पुरत नाही, चिप त्याआधीच जळते. कंट्रोलरच्या प्लस वायरीत १एन५८२२ शॉटकी डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा सुटा भाग) घाला, त्यावरच्या पट्टीची बाजू बोर्डाकडे. तो अर्धा व्होल्ट खातो, चालेल. मोटारी जास्त प्रवाह ओढतात, त्यांच्या लाइनला मात्र पी-चॅनेल मॉसफेटच (फार कमी व्होल्ट खाणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) हवा.

३ सेलची लिथियम पॉलिमर बॅटरी पूर्ण चार्ज झाल्यावर १२.६ व्होल्ट देते. ती ५ व्होल्टच्या पिनला लागली तर बोर्ड संपलाच, म्हणून दोन्हींचे कनेक्टर वेगवेगळे आणि उलटे न बसणारे ठेवा. स्क्रू टर्मिनलबाहेर आलेली तांब्याची एखादी बारीक तारही शॉर्टला पुरते. मुलांना आधी मल्टिमीटर धरायला शिकवा.

– एक वाचक, ठाणे