शनिवारच्या वादसभेबाबत सूचना

सर्व सदस्यांना कळविण्यात येते की, येत्या शनिवारी सायंकाळी साडेपाच वाजता चार हुतात्मा चौकाजवळील आपल्या नेहमीच्या अभ्यासिकेत वादसभा होईल. विषय : ‘विद्यार्थी परिषदेच्या निवडणुका थेट मतदानाने व्हाव्यात का?’ बोलणाऱ्यांनी महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मधील संबंधित तरतूद वाचूनच यावे.

१. आपले म्हणणे मांडण्यापूर्वी प्रत्येकाने प्रतिपक्षाचा मुद्दा त्याला मान्य होईल अशा शब्दांत सांगावा. आपल्या शास्त्रपरंपरेत पूर्वपक्ष आधी मांडण्याची रीत होती, आणि हाच नियम आम्ही सर्वांत महत्त्वाचा मानतो.
२. जात, धर्म, संघटना वा पक्ष यांवरून कोणाच्याही हेतूविषयी शंका घेऊ नये.
३. प्रत्येकी पाच मिनिटे.

टिळक-आगरकरांचे मतभेद इतके तीव्र झाले की आगरकरांनी ‘केसरी’ सोडून १८८८ मध्ये ‘सुधारक’ सुरू केले. शब्द तिखट होते, तरी राजकीय स्वातंत्र्य आधी की सामाजिक सुधारणा, हा मूळ प्रश्न त्यांनी वाचकांसमोर सतत जागता ठेवला.

मागील सभेतून दोन सदस्य दुखावून निघून गेले, याचे आम्हाला मनापासून वाईट वाटते. त्यांनी अवश्य यावे. पहिली दोन भाषणे त्यांच्यासाठी राखून ठेवली आहेत. इतरांनी आपली नावे व बाजू गुरुवारी रात्रीपर्यंत कळवावी.

– संयोजक