नेपाळी शेजाऱ्यांची दखल

महोदय,
२०१६ च्या हिवाळ्यात मी लेकीकडे कॅनडात होते. तेव्हा त्या देशाने चारेक महिन्यांत पंचवीस हजारांवर सीरियन निर्वासित घेतले. तिथे १९७९ पासून नागरिकांचे गट एखाद्या कुटुंबाचा वर्षभराचा भार उचलू शकतात. लेकीच्या शेजाऱ्यांनी असाच गट केला होता, मीही लुडबुडले. काम म्हणाल तर बसचा पास काढून देणं, पोरांना बर्फातले बूट चढवणं. आमच्या गटाकडच्या सीरियन कुटुंबातल्या बाईला इंग्रजी येईना, मला अरबी. वडी दाखवून मी ‘साबण’ म्हटलं आणि ती खळखळून हसली. तिच्याकडेही ‘साबून’च!

रत्नागिरीला परतले आणि चपापले. मिरकरवाड्याच्या बोटींवर नेपाळी खलाशी, आंब्याच्या बागांत राखणीला नेपाळी कुटुंबं. आमच्या बागेतल्या राखणदाराला आम्ही वर्षानुवर्षं नुसतं ‘गुरखा’ म्हणत होतो. त्याची मुलगी दिवसभर कलमांखाली बसायची. जन्मदाखला नाही, म्हणून शाळा नाही. वास्तविक २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार वयाच्या दाखल्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही. मोहोर धरला की राखणदार येतील. बागायतदारांनी निदान मुलांना शाळेपर्यंत पोचवावं. अर्ज भरून द्यायला आम्ही दोघी-तिघी आहोत.

– एक निवृत्त शिक्षिका, रत्नागिरी