सूचना: मुक्काम तलावाकाठी की डोंगरावर?
सभासदहो, मुक्कामाबद्दल आपला कल रविवारपर्यंत कळवा. त्याआधी एवढं ध्यानात घ्या. दर १००० मीटर चढलं की हवा साधारण ६.५ अंशांनी गार होते. २५०० मीटरच्या वर काहींना विरळ हवेचा त्रास होतो, डोकं दुखतं, झोप लागत नाही. म्हणून झोपायची सोय खाली काठावर असलेली बरी. डोंगरावर दिवसा जाऊन येऊ. काठावर पहाटे धुकं दाटतं, अंथरूण दमट लागतं, हेही खरं.

‘लेक व्ह्यू’ खोलीचा फोटो खिडकीतूनच काढलेला मागवा. गेल्या खेपेला पाणी दिसलं ते फक्त गच्चीच्या कोपऱ्यातून, आणि गुडघे दुखणाऱ्या काकूंना जिना चढवेना. फार वाईट वाटलं. खोली तळमजल्यावर हवी असेल त्यांनी आत्ताच सांगा.